बेअरिंग ब्लॉकची खोली का चुकत होती: व्हीएमसीवर टूल हाइटचा झिरो घेण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एमआयडीसीच्या छोट्या वसाहतीत हे वर्कशॉप आहे. मालकाची ही दुसरी पिढी. वडिलांच्या काळी दोन लेथ, एक शेपर आणि एक साधी मिलिंग मशीन होती. काम म्हणजे पेरणीयंत्राचे सुटे भाग, ट्रॉलीचे हब आणि आसपासच्या जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरण्यांची, दुरुस्ती. हिंगणघाट, वणी, यवतमाळ हा सगळा कापसाचा पट्टा. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की जिनिंग रात्रंदिवस चालतात, तेव्हा मशीन उघडून बसायला कुणालाच सवड नसते. म्हणून डबल रोलर जिनचे रोलर, सुऱ्या, बेअरिंग ब्लॉक ही कामं उन्हाळ्यापासून पोळ्यापर्यंत उरकून घेतात. वर्कशॉपचा खरा हंगाम तोच.

मालकानं कर्ज काढून एक जुनी व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रामवर आपोआप चालणारी उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन, घेतली होती. तीन अक्ष, बीटी४० स्पिंडल (टूल धरून फिरवणारा दांडा), फॅनुक कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक). ती चालवणारे दोघे. एक मोठे मिस्त्री, ज्यांचं सगळं आयुष्य हँडल फिरवण्याच्या मिलिंगवर गेलं. दुसरा आयटीआय करून आलेला पोरगा, प्रोग्राम वाचणारा आणि थोडाफार लिहिणारा. मिस्त्री दुपारी दोनपासून रात्रीपर्यंत, पोरगा सकाळी. दोघांची गाठ पडायची ती शिफ्ट बदलतानाच्या दहा-पंधरा मिनिटांत. या प्रकरणातला निम्मा गुंता त्या दहा-पंधरा मिनिटांत आहे.

ओळख पटेल असे तपशील मी काढून टाकले आहेत.

काम काय होतं

बिडाच्या कास्टिंगचा बेअरिंग ब्लॉक, म्हणजे रोलरचं बेअरिंग ज्यात बसतं तो ठोकळा. पहिल्या सेटअपमध्ये तळ फेस करायचा, म्हणजे सपाट कापायचा. दुसऱ्या सेटअपमध्ये तो तळ फिक्स्चरच्या (जॉब धरून ठेवणाऱ्या बैठकीच्या) पॅडवर बसवून वरची बाजू करायची: वरचा फेस तळापासून ६२.०० मिमी उंचीवर, त्यात बेअरिंग आणि स्पेसर बसण्यासाठी २१.०० मिमी खोल खोबण, आणि कव्हर आवळायला एम१२ चे चार आटे. उंचीला आणि खोबणीच्या खोलीला, दोन्हींना ±०.०५ मिमीची सूट.

खोली कमी पडली तर स्पेसर वर डोकावतो आणि कव्हर टेकत नाही. जास्त झाली तर बेअरिंग आत सरकतं, रोलर खेळतो, आणि रोलर-सुरीतलं अंतर बिघडलं की सरकी फुटते. म्हणजे इथला एक दशांश मिलिमीटर थेट कापसाच्या प्रतीपर्यंत जातो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वर्कशॉपमध्ये बसलेल्या माणसाला ते दिसत नाही. त्याच्यासाठी ते ड्रॉइंगवरचं एक माप असतं.

टूल सहा: वरची पातळी सपाट करणारी ६३ मिमीची फेस मिल, खोबण कापणाऱ्या दोन एंडमिल (रफिंगची २० मिमी टिपवाली, फिनिशिंगची १६ मिमी कार्बाइड), १०.२ चं ड्रिल, आटे पाडणारा टॅप आणि कडा मारणारा चॅम्फर. खोबणीचा तळ शेवटी तीन नंबरचं टूल, म्हणजे १६ ची एंडमिल करायची.

अडचण

पहिल्या खेपेला ६० नग गेले, त्यातले १९ परत आले. सोबत चिठ्ठी एवढीच: खोली बरोबर नाही. शिवाय वर्कशॉपमध्येच एकदा टॅप भोकाच्या तळाला टेकून तुटला होता, तो कास्टिंग भंगारात गेला.

मालकाचा पहिला संशय मशीनवर. जुनी मशीन, झेडचा, म्हणजे वरखाली होणाऱ्या अक्षाचा, बॉलस्क्रू (अक्ष सरकवणारा स्क्रू) झिजला असेल, बॅकलॅश (त्यातला ढिलेपणा) असेल. मिस्त्रींचा संशय कास्टिंगवर: "माल एकसारखा येतच नाही, भाऊ. एक तीन मिमीनं जाड, एक पाच मिमीनं." पोरगा गप्प होता. परत आलेले नग बहुतेक त्याच्या शिफ्टचे असणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, त्यानंही.

मला बोलावलं ते या टप्प्यावर.

कारण शोधताना

बॉलस्क्रू उघडायच्या आधी परत आलेले नग मोजायचे असं ठरलं. प्रत्येक नगाची दोन मापं: तळापासून पूर्ण उंची, आणि वरच्या फेसपासून खोबणीची खोली. खोली डेप्थ मायक्रोमीटरनं, कडेचा बर (कापताना उरलेली धातूची धार) काढून. आधी ती व्हर्नियरच्या मागच्या दांडीनं, बर न काढता मोजली जायची, त्यामुळे घरातल्या तपासणीत चुका दिसल्याच नव्हत्या.

उंची दोन नग सोडले तर सगळीकडे सुटीत होती. त्या दोन नगांची उंची कमी होती, आणि त्याचं कारण सोपं निघालं: तळाखाली चिप अडकलेली. जॉब चिपवर उचलला जातो, कटर मात्र त्याच पातळीवर फिरतो, म्हणून तळापासून उंची कमी भरते. पण अशा नगात वरचा फेस आणि खोबणीचा तळ दोन्ही सारखेच सरकतात, त्यामुळे खोली बिघडत नाही. या दोघांची खोली बरोबरच होती.

बाकीच्या १७ नगांची खोली पसरलेली नव्हती. ती दोन गठ्ठ्यांत पडली. एक गठ्ठा २०.८८ ते २०.९१. दुसरा २१.०९ ते २१.१२. मधे काही नाही.

इथे मला बॉलस्क्रूचा विषय बाजूला ठेवावासा वाटला. बॅकलॅश असता तर मापं वेडीवाकडी पसरली असती. एंडमिल झिजत असती तर खोली नगामागून नग हळूहळू कमी होत गेली असती. उडी मारून बदललेलं माप म्हणजे कुणीतरी आकडा बदलला. तोही ०.१ मिमीनं.

मग दोघांना समोरासमोर बसवून, टूलचा झिरो, म्हणजे टूलचं टोक नेमकं कुठे आहे हे मशीनला सांगणारा आकडा, कसा घेतो ते करून दाखवायला सांगितलं.

पद्धत दोघांची एकच. जी५४ मध्ये, म्हणजे जॉबचा शून्य कुठे धरायचा ते सांगणाऱ्या रकान्यात, झेडला शून्य. टूल होमवरून (झेडच्या वरच्या ठरलेल्या जागेवरून) खाली आणायचं, जॉबच्या वर कागदाचा तुकडा धरून तो हलवत राहायचा, हँडलच्या ०.०१ च्या पायरीवर उतरत जायचं, कागद अडकला की थांबायचं. त्या वेळचा मशीन कोऑर्डिनेटचा, म्हणजे होमपासून मोजलेला, आकडा त्या टूलच्या एच नंबरात (टूलच्या उंचीच्या रकान्यात) भरायचा. फेस मिलचा झिरो पहिल्या नगाची उंची मोजून दुरुस्त व्हायचा, आणि त्या फेस मारलेल्या पातळीवर बाकीची टूलं टच व्हायची.

फरक कागदाच्या जाडीत होता. साधा झेरॉक्सचा कागद ०.१ मिमीच्या आसपास असतो. मिस्त्री आकडा भरताना ०.१ वजा करायचे. पोरगा करत नव्हता. त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. शिकताना मशीनवर टूल सेटर (टूलची उंची मोजणारं साधन) होता, कागद नव्हता.

त्या आठवड्यात काय घडलं ते दोघांच्या आठवणीतून असं जुळलं. सकाळी पोरानं एंडमिल कागदावर टच केली, जाडी वजा केली नाही. खोली ०.१ नं कमी, हा पहिला गठ्ठा. दुपारी मिस्त्रींनी एक नग मोजला, कमी दिसला, तर त्यांनी वेअरच्या (झिजेच्या दुरुस्तीच्या) रकान्यात −०.१०० टाकलं. बरोबर नग निघायला लागले. दुसऱ्या दिवशी एंडमिलची कड तुटली. मिस्त्रींनीच नवी लावली, नीट टच केली, कागद वजा करून आकडा जॉमेट्रीच्या (मूळ उंचीच्या) रकान्यात भरला. वेअरमधला −०.१०० तसाच राहिला. कंट्रोल दोन्ही रकाने मिळवून वापरतो, म्हणून खोली ०.१ नं जास्त, हा दुसरा गठ्ठा.

दुसरा गठ्ठा मिस्त्रींच्या शिफ्टचा निघाला, तेव्हा खोलीत जरा शांतता होती. पण दोष एकाचा नव्हताच. दोघांनी आपापल्या जागी समजून-उमजून काम केलं होतं. कोणता आकडा कशावरून आला हे दुसऱ्याला कळायची सोय नव्हती.

तुटलेल्या टॅपचं कारणही याच पद्धतीत सापडलं. ड्रिल बदललं तेव्हा मशीनवर नवं, फेस न मारलेलं कास्टिंग बांधलेलं होतं. ड्रिल त्याच खरबरीत पाठीवर टच झालं. झिरो तीन-चार मिमी वर गेला, भोकं तेवढी उथळ झाली, आणि टॅप आपल्या जुन्या बरोबर झिरोनं खाली उतरून तळाला आपटला.

पर्याय

पहिला, काहीही विकत न घेता: कागदच ठेवायचा, पण दोघांनी एकच कागद, एकच वजाबाकी. मालकाला हा पटत होता. मला नाही. कागद किती ओढल्यावर "अडकला" म्हणायचं हे प्रत्येकाच्या बोटावर आहे. मिस्त्री म्हणाले, "तीस वर्षं झाले मले. कागद वढला का हाताले समजते." त्यावर पोरगा पहिल्यांदा बोलला: "काका, तुमच्या हाताले समजते. माह्या हाताले नाही समजत ना." यात उद्धटपणा काही नव्हता. साऱ्या प्रश्नाचं नेमकं वर्णन त्यानं केलं होतं. शिवाय कागद जाडीच्या निम्म्यावर दाबला गेला तरी ०.०५ गेलं, म्हणजे एका बाजूची सगळी सूट संपली.

दुसरा, १० मिमीची हार्डन केलेली घासलेली पिन. टूल पिनच्या उंचीच्या थोडं खाली ठेवायचं, हँडलनं एकेक पायरी वर न्यायचं आणि टूलखालून पिन ज्या पायरीला गडगडत सुटते तो आकडा धरायचा. वर जातानाच, पिनवर टूल खाली दाबलं तर कार्बाइडची कड उडते. अचूक पद्धत, खर्च जवळपास नाही. पण हातावर थोडी अवलंबून.

तिसरा, ५० मिमी उंचीचा डायलवाला झेड सेटर. वरचा भाग स्प्रिंगवर असतो, टूल टेकलं की काटा फिरतो, काटा शून्यावर आला की टूल बरोबर ५० मिमीवर. काही हजारांची वस्तू, नागपुरात मिळते.

चौथा, टेबलावर कायमचा बसणारा ऑटोमॅटिक टूल सेटर. उत्तम, पण या ऑर्डरच्या नफ्यात बसणारा नव्हता. टूल मशीनबाहेर मोजणाऱ्या प्रीसेटरचंही तेच.

तिसरा पर्याय निवडला. पण सेटर घेतला की काम झालं असं नव्हतं. तो ठेवायचा कुठे, हा त्याहून मोठा निर्णय होता.

कुठून मोजायचं

आजवर झिरो जॉबच्या वरच्या पाठीवर घेतला जात होता. ती पाठ प्रत्येक कास्टिंगची वेगळी, आणि फेस मारल्यावर ती उरतही नाही. ड्रॉइंग मात्र उंची तळापासून मोजतं, आणि तळ फिक्स्चरच्या पॅडवर बसतो. पॅड हलत नाहीत. म्हणून सगळी टूलं पॅडच्या पातळीपासून मोजायची असं ठरवलं.

जॉब बांधलेला असताना पॅड झाकले जातात, त्यामुळे बाजूला एक पाचवा पॅड बसवला आणि पाचही पॅडवरून एकाच कटमध्ये फेस मिल फिरवली. लिव्हर डायलनं तपासल्यावर पाचही ०.०१ च्या आत होते. आता बॅचच्या मधे टूल तुटलं तरी जॉब न सोडता, त्या कास्टिंगकडे न बघता झिरो घेता येतो.

मग प्रश्न आला प्रोग्रामचा. पॅडलाच प्रोग्रामचा शून्य मानलं तर वरचा फेस झेड६२ वर येतो आणि खोबणीचा तळ झेड४१ वर. वाचायला छान. पण या दोघांच्या डोक्यात आणि सगळ्या जुन्या प्रोग्राममध्ये "झेड५ म्हणजे जॉबच्या वर, सुरक्षित" असं पक्कं बसलेलं. नव्या शून्यात झेड५ म्हणजे जॉबच्या पोटात. एक जुनी ओळ बदलायची राहिली की स्पिंडल गेला. हा धोका मला घ्यायचा नव्हता.

म्हणून मधला मार्ग: टूलचे आकडे पॅडपासून घ्यायचे, आणि जी५४ च्या झेडमध्ये ६२.००० टाकायचं. म्हणजे प्रोग्रामचा शून्य तयार फेसवर येतो, खोबण झेड−२१ च राहते. उद्या ४८ मिमी उंचीचा दुसरा जॉब त्याच पॅडवर आला तर टूलला हात न लावता जी५४ मध्ये ४८.००० करायचं. दुरुस्ती एकाच ठिकाणी केली: कास्टिंग तयार फेसपेक्षा चार-साडेचार मिमी वर असू शकतं, झेड५ ला जेमतेम अर्धा मिमी मोकळा राहतो, म्हणून टूल जवळ आणण्याची उंची झेड५० केली.

काय केलं

सेटर पाचव्या पॅडवर. टूल खाली आणून काटा शून्यावर. समजा मशीन कोऑर्डिनेट −३१८.४६० दिसतो. त्यातून ५० वजा: −३६८.४६०. तीन नंबरच्या टूलचा हा आकडा एच०३ मध्ये. त्याच वेळी वेअरचा रकाना शून्य करायचा, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिला. नव्या टूलला जुन्या टूलची दुरुस्ती लागू नये.

टेकवायचं कसं हे प्रत्येक टूलचं वेगळं आहे आणि इथे घाई चालत नाही. फेस मिलच्या पाच टिपा अगदी एका पातळीत नसतात. स्पिंडल हातानं फिरवून सर्वांत खालची टिप शोधायची आणि ती सेटरवर आणायची. एंडमिलचा तळ मधे किंचित खोलगट असतो, म्हणून सेटर मध्याखाली न ठेवता कडेच्या दातांखाली. ड्रिलचं टोक टेकतं, पण भोकाची खोली पूर्ण व्यासाची हवी असते. ११८ अंशाच्या ड्रिलचं टोक व्यासाच्या ०.३ पट लांब, १०.२ ला सुमारे ३ मिमी, तेवढं प्रोग्रामात जास्त उतरवायचं. टॅप फ्लोटिंग होल्डरमध्ये दबतो, त्याला हलकेच टेकवून अंदाजानं घेतलं तरी पुरतं, फक्त भोकाच्या तळाशी पुरेशी जागा सोडायची.

५० मिमीच्या वजाबाकीत एक धोका आहे. वजा करायची राहिली तर टूल ५० मिमी वर हवेत फिरतं, नुकसान नाही. दोनदा वजा झाली, म्हणजे बटण चुकून दोनदा दाबलं गेलं, तर टूल ५० मिमी खाली जातं. त्यामुळे नवा आकडा भरला की एमडीआयमध्ये (प्रोग्रामशिवाय एक ओळ हातानं चालवायच्या सोयीत) जी९० जी५४ जी४३ एच३ झेड१००; यातला जी४३ एचचा आकडा लागू करतो. रॅपिड (मोकळ्या हालचालीचा वेग) कमीत कमी, बोट फीड होल्डवर, म्हणजे हालचाल थांबवणाऱ्या बटणावर. टूल थांबलं की पॅडपासून टोकापर्यंत स्टीलच्या पट्टीनं १६२ मिमी भरलं पाहिजे. पट्टी मायक्रॉन दाखवत नाही, पण ५० मिमीची चूक आणि चुकीचा एच नंबर दोन्ही पकडते. एच नंबर आणि टूल नंबर एकच ठेवायचा, यात सवलत नाही. लांब ड्रिलला आखूड एंडमिलचा एच लागला की ड्रिल फिक्स्चरमध्येच थांबतं.

होमपासून मोजलेले ऋण आकडे वापरण्याचा एक फायदा मालकाला समजावून सांगितला. प्रोग्राममध्ये जी४३ लिहायचा राहिला तर मशीन होमच्याही वर जाऊ पाहते आणि ओव्हरट्रॅव्हलचा अलार्म देऊन थांबते. टूलची खरी लांबी धन आकड्यात भरणाऱ्या पद्धतीत तीच चूक टूलला थेट जॉबमध्ये घालते. ती पद्धत वाईट नाही, मोठ्या कारखान्यात प्रीसेटरसोबत तीच सोयीची; पण दोन माणसांच्या वर्कशॉपला पहिली जास्त क्षमाशील.

सेटरबद्दल मिस्त्रींचा आक्षेप रास्त होता: "हे खाली पडलं तर? दिसाले तर तसंच दिसन." त्यावर त्यांचीच पिन कामी आली. दर सोमवारी एक टूल पॅडवर पिननं टच करायचं आणि मग सेटरनं. पिन १० ची, सेटर ५० चा, दोन आकड्यांत ४०.०० चा फरक यायलाच हवा. न आला तर सेटर बाद. ही तपासणी मिस्त्रींकडे दिली, कारण पिनचा हात त्यांच्याइतका कुणाचा नाही.

मशीनच्या दारावर एक वही टांगली. टूल नंबर, तारीख, वेळ, एचचा आकडा, वेअर, कुणी, का. शिफ्ट बदलताना दोघांनी ती उघडून बघायची.

मधेच उभा राहिलेला दुसरा प्रश्न

पहिले काही दिवस खोली सुटीच्या मधोमध येत होती. मग एका सकाळी नग २०.९६ च्या आसपास आले. सुटीत, पण काठावर. वहीत पाहिलं: आदल्या दुपारी साडेतीनला एंडमिल बदललेली, आकडा नीट, वेअर शून्य.

मे महिना होता. बाहेर ४५ अंशांवर, वर पत्र्याचं छत. दुपारपर्यंत सतत फिरलेला स्पिंडल आणि हेड तापून लांबलेले असतात. पोलाद एका मीटरला एका अंशामागे ०.०११ ते ०.०१२ मिमी वाढतं. ३०० मिमीचा भाग सकाळपेक्षा दहा अंशांनी तापला तर ०.०३५ मिमी झाले. बाकी टूलं सकाळी थंड मशीनवर सेट केलेली, ही एक एंडमिल दुपारी गरम मशीनवर. गरम असताना टोक आधीच खाली आलेलं, त्यामुळे सेटर थोडा लवकर टेकला. तोच आकडा भरला गेला, आणि एंडमिल इतर टूलांच्या मानानं तेवढीच वर राहिली.

जुन्या पद्धतीत हे का दिसलं नव्हतं, असं पोरानं विचारलं. प्रश्न चांगला होता. तेव्हा एंडमिल त्याच गरम मशीननं नुकत्याच मारलेल्या फेसवर टच होत होती. फेस मिलही तेवढीच खाली आलेली असायची, दोघांतली वाढ एकमेकींना खाऊन टाकायची. स्थिर पॅडवर गेल्यानं हा आधार सुटला. नवी पद्धत एक दोष काढते आणि दुसरा उघडा पाडते, हे मान्य करायला हवं.

दोन उपाय केले. सकाळी पहिला नग लावण्याआधी पंधरा-वीस मिनिटं वॉर्मअप: स्पिंडल आधी हळू, मग कामाच्या वेगानं, झेड वरखाली. लाइट जाऊन तासभर मशीन बंद राहिली तरी पुन्हा तेच. गावाच्या फीडरवर ही वेळ उन्हाळ्यात वारंवार येते.

दुसरा उपाय जास्त कामाचा ठरला. एक जुनी, न वापरता ठेवलेली एंडमिल होल्डरमध्ये कायमची आवळून मॅगझिनमध्ये (मशीनच्या टूल ठेवायच्या कप्प्यात) ठेवली. तिला ते साक्षीदार टूल म्हणू लागले. तिचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर. कोणतंही टूल बदललं की आधी साक्षीदार सेटरवर टच करायची. ती आपल्या आकड्यापेक्षा ०.०३ वर टेकली, तर मशीन आत्ता तेवढी लांबली आहे. मग नव्या टूलच्या आकड्यातूनही ०.०३ कमी करायचे. सगळी टूलं एकाच स्पिंडलमध्ये बसतात, म्हणून ही वाढ सगळ्यांना सारखी लागू होते.

परत आलेल्या नगांचं काय केलं

कमी खोलीचे नग त्याच पॅडवर परत बांधून खोबणीचा तळ ०.१ नं उतरवला. तळ त्याच पातळीवर बसत असल्यानं हे सोपं गेलं. जास्त खोलीच्या नगांबाबत मालकाच्या मनात होतं की वरचा फेस ०.१ नं उतरवून खोली बरोबर करावी आणि पाठवून द्यावं. पण मग उंची ६१.९० होते, सुटीबाहेर. मी ते करू नये असं सांगितलं, आणि ग्राहकाला फोन करून खरं काय ते कळवावं असं सुचवलं. ग्राहकानं त्या नगांमध्ये ०.१ ची शिम (पातळ पत्र्याची चकती) टाकून घ्यायला लेखी होकार दिला. उंची कमी असलेले दोन नग भंगारात गेले.

निष्पत्ती

उरलेली ऑर्डर पोळ्याआधी गेली आणि खोलीच्या कारणानं एकही नग परत आला नाही. सहा टूलांचं सेटिंग आधीपेक्षा जास्त वेळ घेतं, साक्षीदाराची तपासणी धरून. बॅचच्या मधे टूल बदलायला मात्र आधीपेक्षा कमी वेळ लागतो, कारण फेस मारलेला जॉब येईपर्यंत थांबावं लागत नाही. वही चालू आहे. मिस्त्रींच्या नोंदी मोजक्या शब्दांत, पोराच्या सविस्तर.

वेगळं काय करता आलं असतं

कास्टिंगवर नग क्रमांक ठोकायला हवा होता. ते नव्हतं म्हणून दोन गठ्ठ्यांचा क्रम लोकांच्या आठवणीवर लावावा लागला. नशीब, घटना ताजी होती. पंचने मारलेला एक आकडा असता तर कारण अर्ध्या तासात सापडलं असतं, आणि पोरावर घेतलेला संशय टळला असता.

स्पिंडलच्या वाढीचा विचार पॅडवर जाण्याच्या दिवशीच व्हायला हवा होता. उन्हाळा समोर होता, पत्र्याची शेड होती.

आणि एक पर्याय यादीत आलाच नाही, जो कदाचित पहिला असायला हवा होता. खोबणीची खोली हे दोन पातळ्यांमधलं अंतर आहे. एक पातळी फेस मिल बनवते, दुसरी एंडमिल, म्हणून दोघींच्या झिरोमधली प्रत्येक चूक त्या अंतरात उतरते. फेस मिलनं ०.२ मिमी शिल्लक ठेवून, कव्हर जिथे टेकतं तेवढं खोबणीभोवतीचं कडं १६ च्या एंडमिलनंच फिनिश केलं असतं, तर खोली एकाच टूलच्या दोन पातळ्यांतलं अंतर झाली असती. झिरो ०.१ नं चुकला तरी दोन्ही पातळ्या एकत्र सरकतात आणि २१.०० हे २१.०० च राहतं. चूक जाते ती फक्त उंचीत. नगामागे वेळ वाढला असता, आणि पूर्ण ऑर्डरला तो परवडला असता की नाही हे ड्रॉइंग समोर ठेवून ठरवावं लागलं असतं. पण ज्या आठवड्यात माल परत आला आणि सेटर अजून नागपुरातच होता, त्या आठवड्यात मशीन बंद ठेवण्यापेक्षा हा मार्ग नक्की बरा होता. मालकानं पुढच्या हंगामातल्या गिअरबॉक्स कव्हरच्या कामाला तो वापरायचं ठरवलं आहे. तिथे खोलीची सूट ±०.०३ आहे.